बंदुकीच्या कपाटाचे अस्तर

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक काही घरांत आजही आहे. आमच्याकडे ती अब्बांच्या काळापासून. पावसाळ्यात हवाच इतकी ओली, की चार दिवस दुर्लक्ष झाले तरी नळीवर गंज धरतो.

कपाटाला आतून मखमल लावावी, असे पाहुणे सुचवतात. दिसते छान, पण मखमल, नमदा, गालिचा ओल धरून ठेवतात आणि तीच लोखंडाला देतात. रेक्झिन जुने झाले की त्यातून आम्ल सुटू लागते. म्हणून आम्ही पॅकिंगचा पांढरा पॉलिथिलीन फोम घेतला. तो पाणी शोषत नाही. नळी टेकते आणि दस्ता उभा राहतो, तेवढ्याच जागी पट्ट्या चिकटवल्या. बाकी पत्रा मोकळा ठेवला. गोंद पूर्ण वाळल्यावरच बंदूक आत गेली. तळाशी सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे गुलाबी झाले, की गरम करून वाळवतो.

मात्र अस्तर फक्त बंदूक जपते. घरातली लेकरे जपते ते कुलूप. त्यामुळे बंदूक रिकामी, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाकडेच. बंदूक वडिलांची अमानत आहे. लेकरे त्याहून मोठी अमानत.