वसईची घंटा आणि परमुलखातील टोपी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव जर्मनीहून घरी आले. तिकडे ते यंत्रशास्त्राचा अभ्यास करतात आणि सुटीच्या दिवशी जुन्या बाजारांतून हिंडून टोप्या गोळा करतात! तिकिटे, नाणी, काड्यापेट्या जमविणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पण परक्या देशातील निवृत्त शिपायांच्या टोप्या जमविणारा पुरुष आमच्या कुळात तरी हा पहिलाच. त्यांपैकी एक टोपी त्यांनी बरोबर आणली होती. ती दिवाणखान्यातील कपाटावर विराजमान झाली मात्र, आमच्या मातोश्रींचा कपाळशूळ उठला.

"मेल्या माणसाची टोपी घरात कशाला रे? आणि तीही लढाईतल्या माणसाची!"

"आजी, ही लढाईतली नव्हे. लढाई संपल्यावर घालायची टोपी आहे," असे चिरंजीवांचे उत्तर. मातोश्रींचे समाधान त्याने झाले नाही. आमचे कुतूहल मात्र वाढले.

टोपी गडद निळ्या बनातीची, खाली तांबडी पट्टी, पुढे काळ्या चकचकीत कातड्याची झाप. दर्शनी बाजूस धातूचे दोन वाटोळे बिल्ले: एक साऱ्या जर्मन साम्राज्याच्या काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांचा, दुसरा प्रशियाच्या काळ्या-पांढऱ्याचा. जर्मनीत शिपाईगिरी करून घरी परतलेल्या लोकांचे गावोगाव संघ असत. अशा संघांचा आरंभ १७८६ साली पोमेरानियातील वांगेरीन या गावी झाला, असे मानतात. राजा फ्रेडरिकच्या पदरी लढलेले म्हातारे शिपाई तेथे एकत्र आले ते मुख्यतः एकाच हेतूने: आपल्यापैकी कोणी वारला तर त्यास मानाने मूठमाती द्यावयाची. पुढे १८७१ नंतर असे संघ गावागावांत निघाले, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांच्या सभासदांची संख्या पंचवीस लाखांच्याही वर गेली होती. सणावारी मिरवणूक आणि सोबत्याची अंत्ययात्रा, या दोन प्रसंगी ही टोपी डोक्यावर चढे. पुढे नाझी राजवटीने हे संघ आपल्या मुठीत घेतले आणि १९४३ साली मोडून टाकले. त्या दहा वर्षांतील टोपी आपण फुकट मिळाली तरी घेत नाही, असे चिरंजीवांनी आपण होऊनच सांगितले. ते ऐकून आम्हांस बरे वाटले.

या छंदातही जाणतेपणा लागतो. बिल्ले मूळचे की मागाहून टाचलेले, अस्तर त्याच काळचे की नवे, हे पाहावे लागते. साध्या टोपीवर बनावट पदक लावून दामदुप्पट करणारे व्यापारी तिकडेही आहेत. आणि बनातीस कसर लागली की सारेच संपले. आमच्या टोपीच्या आत कपाळावरच्या कातडी पट्टीवर शाईने मालकाचे नाव लिहिलेले होते. संग्राहकाच्या दृष्टीने तीच तिची किंमत. मातोश्रींच्या दृष्टीने तोच तिचा दोष.

या वादाचा निकाल लागला नाही तो नाही. अशा स्थितीत एके रविवारी सारी मंडळी वसईस निघालो. वसई रोड स्थानकाच्या आसपास आता उंच इमारतींची इतकी दाटी झाली आहे की, हीच ती केळीच्या बागांची वसई का, असा प्रश्न पडावा. परंतु गाडी वसई गाव ओलांडून किल्ल्याच्या वाटेस लागली म्हणजे वाड्या, विहिरी, कौलारू घरे आणि पांढरे क्रूस दिसू लागतात आणि जीव थोडा थंड होतो.

किल्ल्याची हकीकत मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. १५३४ मध्ये गुजराथच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि सुमारे दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजीअप्पांनी ती घेतली. हरलेल्यांस कुटुंबे व चीजवस्तू घेऊन निघून जाण्याची मुभा मिळाली. त्या काळच्या युद्धरीती पाहता हा तह उदार म्हणावा लागेल. मनोऱ्यांवरील घंटा मात्र मागे राहिल्या, आणि विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातील देवळोदेवळी गेल्या.

बंदर दरवाजाजवळ सेंट जोसेफचे मोठे देऊळ उभे आहे. छप्पर केव्हाच गेले. दर्शनी भिंतीवर १६०१ साल कोरलेले आहे. आत गवत माजलेले, आणि वर मनोरा. मनोऱ्याच्या रिकाम्या कमानीतून पलीकडचे आभाळ दिसते. मातोश्री खाली एका दगडावर टेकल्या होत्या. त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "येथे काय टांगीत असत?"

"घंटा," आम्ही म्हणालो. "अशाच घंटा चिमाजीअप्पांनी नेल्या. भीमाशंकरास एक आहे, नाशकास नारोशंकराची म्हणतात ती एक, तुमच्या मेणवलीस एक."

मातोश्रींचे माहेर वाईचे. मेणवलीच्या घाटावर, नाना फडणिसांच्या वाड्यामागे, मेणेश्वराजवळ टांगलेली ती घंटा त्यांनी बालपणी शेकडो वेळा पाहिलेली. तिच्यावर १७०७ साल आहे, आणि मूल कडेवर घेतलेल्या एका स्त्रीची आकृती आहे. "ती यशोदा, असे आम्ही मुली समजत होतो!" मातोश्री म्हणाल्या. ती येशूची आई मेरी. घंटेचे वजन सुमारे साडेसहाशे किलो भरते. वसई पडली तेव्हा नाना फडणीस जन्मलेही नव्हते, ते १७४२ चे. तेव्हा ही घंटा मेणवलीस पोचली ती केव्हातरी मागाहून, हे उघड आहे.

नाशिकच्या घंटेवर १७२१ साल असून नारोशंकराचे देऊळ १७४७ चे आहे. तिचा नाद इतका दूरवर जाई की, मोठ्याने बोलणाऱ्यास 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याचा प्रघातच पडला. पोर्तुगीज ओतकऱ्याच्या हातची वस्तू मराठी स्वयंपाकघरांतील टोमण्यात जाऊन बसली! आमच्या घरात हे बिरुद कोणास आहे, ते येथे लिहिण्याचे आम्हांस धैर्य नाही.

आमचे बोलणे पाचूबंदरचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ ऐकत उभे होते. नातवास किल्ला दाखविण्यास आले असावेत. ते थोडे जवळ आले आणि मातोश्रींस म्हणाले, "बाय, तुम्ही ती घंटा पाहिली आहे?"

"पाहिली, वाजविलीही आहे."

"आवाज कसा आहे?"

आमच्या मनात क्षणभर धास्ती उभी राहिली. ज्या विजयाच्या गोष्टी सांगत आम्ही सकाळपासून हिंडत होतो, तो या गृहस्थांच्या समोर कोणत्या शब्दांत सांगावा? चिमाजीअप्पांचा पराक्रम आम्हांस वंद्य आहे. त्यात तिळमात्र उणे नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या लग्नामरणास ती घंटा वाजली असेल, असा मनुष्य आजवर आमच्यासमोर उभा राहिला नव्हता. मातोश्रींस असली अडचण पडली नाही. त्या म्हणाल्या, "फार गोड. नदीच्या पलीकडे ऐकू जाई. आमची आजी ती ऐकली की हात जोडी."

गृहस्थ काही वेळ मनोऱ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे देवाच्याच दारी आहे." आणि नातवाचे बोट धरून समुद्राच्या बाजूस निघून गेले.

परतीच्या वाटेवर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती आम्हांस ठाऊक नव्हती. घंटेचे कांसे आणि तोफेचे कांसे एकाच जातीचे. त्यामुळे युरोपात लढाई लागली की घंटांवर संक्रांत येते. १९१७ साली जर्मन सरकारने आपल्याच गावांच्या घंटा उतरवून वितळविल्या. दुसऱ्या महायुद्धात तर युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख घंटा काढून नेल्या. त्यांतल्या दीड लाखांच्या आसपास नष्ट झाल्या. हांबुर्गच्या बंदरात त्यांचे ढीग पडलेले असत. त्या जागेस लोक 'घंटांचे स्मशान' म्हणत. ज्या म्हाताऱ्या शिपायांनी या टोप्या घालून सोबत्याच्या प्रेतामागे चालावे, त्यांच्या गावी शेवटी वाजवावयास घंटाही उरली नसेल.

आम्हांस सकाळचा मनोरा आठवला. पेशव्यांच्या सैन्यासही तोफा काही नकोशा नव्हत्या. तरीही या घंटा भट्टीत न जाता, आईच्या व मुलाच्या आकृतीसह, आमच्या देवांपुढे टांगल्या गेल्या. त्यात भक्ती किती, विजयाचा अभिमान किती आणि धातूच्या किमतीची जाण किती, याची वाटणी आम्ही करू इच्छीत नाही.

रात्री जेवणे आटोपल्यावर मातोश्रींनी टोपी कपाटावरून खाली मागितली. आता ती दाराबाहेर जाणार, असेच सर्वांस वाटले. त्यांनी ती दिव्याखाली उलटी धरली, बनातीवरून बोट फिरविले, आणि सुनेस फडताळातील वेखंड आणावयास सांगितले. वेखंडाचे चार तुकडे जुन्या मलमलीत बांधून त्यांनी पुरचुंडी केली व ती टोपीच्या आत ठेविली. "कसर लागेल नाहीतर," एवढेच म्हणाल्या. मग चष्मा लावून त्या कातडी पट्टीवरील पुसट अक्षरांकडे पाहू लागल्या.

"हे नाव कसे रे म्हणायचे?"

चिरंजीवांनी म्हणून दाखविले. मातोश्रींनी दोनदा म्हणून पाहिले. दोन्ही वेळा चुकले. तिसऱ्यांदा नीट जमले.