काई

माझा भाचा मंडीदीपला कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. भोपाळपासून वीस-बावीस किलोमीटरवरचं, रायसेन जिल्ह्यातलं हे औद्योगिक गाव. नावातला 'दीप' म्हणजे द्वीप. राजा भोजाच्या अफाट तलावातलं हे बेट होतं, पुढे होशंगशहाने बांध फोडला आणि तळाची जमीन शेतीला आली, असं तिकडे सांगतात.

भोजपूरचं देऊळ पाहायला निघालो, तर वाटेत भाताची खाचरं लागली. सोयाबीन-गव्हाच्या या मुलखात आता भातही होतो. एका खाचरात पाण्यावर हिरवट-निळी साय धरली होती.

"मामा, पाणी सडलंय वाटतं," भाचा म्हणाला.

बांधावरच्या म्हाताऱ्याने ते ऐकलं. "काई है भैया, रहने दो," एवढंच बोलला.

काई म्हणजे आपलं शेवाळ. मला घर आठवलं. गोव्याच्या पावसात आई पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून काढायची. पण खाजनातल्या शेतात तेच दिसलं तर कोणी हात लावत नसे. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

उत्तर १९३९ सालीच मिळालं होतं. पी. के. डे यांनी दाखवून दिलं, की भातखाचरांची सुपीकता टिकते त्यामागे निळं-हिरवं शेवाळ आहे. नॉस्टॉक, अ‍ॅनाबिना अशी सूक्ष्म शेवाळं हवेतला नत्र धरतात. पेशींच्या माळेत मधूनच एखादी जाड भिंतीची पेशी असते, ते काम तिचं. शिवाय शेवाळातून मुळांच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं पाझरतात आणि त्याच्या चिकाने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. ज्या बुळबुळीवरून आपण घसरतो, तीच मातीला बांधते!

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरमण यांनी यावर मोठं काम केलं. शेवाळ घरीही वाढवता येतं. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात माती, थोडं सुपर फॉस्फेट, चार बोटं पाणी आणि वर शेवाळाचं विरजण. उन्हात साय धरली की पाणी आटू द्यायचं आणि सुटलेले पापुद्रे गोळा करायचे. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो विस्कटायचे. हेक्टरी २० ते ३० किलो नत्र वाचतो असा हिशेब सांगतात.

सोयाबीनच्या शेतात पाणी उभं राहत नाही, तिथे हे जसंच्या तसं चालायचं नाही. आता दुकानांत 'जैव-उत्तेजकां'च्या बाटल्या मिळतात. २०२१ साली केंद्र सरकारने त्यांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, हे बरं झालं. पण शेवाळ जिवंत आहे. वरून युरिया ओतला तर ते हवेतला नत्र धरायचं सोडून देतं. उकळत्या दुधात विरजण घालून दही लागत नाही, तसंच हे.

आमचं खाजन तीन वर्षं पड आहे. मानशीच्या फळ्या कुजल्या, खारं पाणी आत येतं. परत आल्यावर भावाला फोन केला. "निम्मं शेत तरी लावू या."

"आणि दादा, खत कोण आणून देणार?"

"थोडं शेवाळ देईल," मी म्हटलं.

तो हसला. पण मानशीचं काम त्याने काढलंय.