एक इंच हवा

सायकलीच्या दुकानातून विमान बाहेर पडले, ते ओहायो राज्यातील डेटन या गावी. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉक येथे जे यंत्र उडविले, त्याचे इंजिनही त्या दुकानातच घडले होते. त्याला आजच्यासारखा कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल एका उथळ पेटीत झिरपे, तेथे त्याची वाफ होई आणि ती हवेत मिसळून आत जाई. पहिले उड्डाण 12 सेकंदांचे झाले. परंतु इंजिनाने श्वास कसा घ्यावा हा प्रश्न तेव्हापासून विमानाची पाठ सोडीत नाही.

याच डेटनच्या आसपास एक मराठी गृहस्थ राहतात. नऊ वर्षे खपून त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे अॅल्युमिनियमचे विमान बांधले. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारा प्रत्येक जण विचारी, "काय, पुष्पक कधी उडणार?" ते नुसते हसत. शेवटी ते उडाले, आणि चेष्टा करणारेच पेढे मागावयास आले.

अमेरिकेच्या कायद्यात अशा विमानांना जागा आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी केलेले असले, की ते विमान 'प्रायोगिक' ठरते. मात्र आत बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक पाटी लावावी लागते, की हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही. गृहस्थांच्या पत्नीने ती पाटी प्रथम वाचली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आपल्याच घरात झालेले ना हे? मग असे परक्यासारखे का लिहिले?" त्या वेळी त्यांना उत्तर सुचले नाही.

त्यांचे बालपण सांगलीकडच्या एका मळ्यात गेले. विहिरीवर ऑईल इंजिन होते. ते अडले, की वडील डिझेलकडे पाहण्याआधी हवेची जाळी काढून झटकीत आणि म्हणत, "आधी त्याला श्वास घेता येतो का ते बघ." विमानाच्या इंजिनाची भूक तर कितीतरी मोठी. त्यांच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे आकारमान 5.9 लिटर. दर दोन फेऱ्यांत तेवढी हवा आत ओढली जाते. मिनिटास 2,700 फेऱ्या धरल्या, तर कागदावर हा हिशेब जवळजवळ 8,000 लिटरांवर जातो.

पुढे एकदा 8,000 फूट उंचीवर, थ्रॉटल पूर्ण उघडे असता, त्यांनी दाबमापकावर 21.5 इंच पारा वाचला. त्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे 22.2 इंच असतो. 160 नॉट वेगाने समोरून आदळणारा वारा पूर्णपणे पकडता आला, तर आणखी जवळजवळ एक इंच पदरी पडावयास हवा. तो इंच कोठे सांडतो, याचा त्यांना ध्यास लागला.

शोध घेता कारणे सापडली. हवा घेणाऱ्या तोंडाच्या कडा धारदार होत्या, त्यामुळे वारा तेथेच फाटे. नळी एकदम वळे. इंजिन रबरी आधारांवर डुलते आणि बाहेरचे आवरण स्थिर असते. त्या दोहोंमधील फटीतून दाब निसटे. त्यांनी काचतंतू व राळ यांची नवी नळी घडविली. तिच्या ओठांना गोलाई दिली, हवा संथ होऊन दाब वाढावा म्हणून तिचा घेर क्रमाक्रमाने वाढविला, आणि फटीवर लवचिक रबरी पट्टी बसविली.

एक गोष्ट मात्र त्यांनी काढून टाकली. जुन्या पेटीत एक झडप होती. दोरी ओढली, की धुराड्याच्या नळीभोवतीची गरम हवा तीतून कार्ब्युरेटरला मिळे. ती बंद असतानाही थोडी गरम, विरळ हवा आत येऊ देई. त्यांनी मनाची समजूत घातली, की आपला कार्ब्युरेटर गरम तेलाच्या टाकीलाच चिकटलेला आहे. त्यात बर्फ कसला धरतो!

नव्या नळीने 22.2 इंच दाखविले. वेग पावणेदोन नॉटांनी वाढला. चार महिन्यांच्या श्रमाचे ते फळ पाहून त्यांना धन्यता वाटली.

मे महिन्यातील एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. हवा 15 अंशांची, ओलीचिंब. धावपट्टीच्या तोंडाशी ते मंद गतीवर इंजिन ठेवून थांबले होते. इंजिन अडखळले, थरथरले आणि बंद पडले. ते खाली उतरले, आवरण उघडले. पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक. दहा मिनिटांनी ते काहीच घडले नसल्यासारखे सुरू झाले. तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरमधील उष्णता शोषली जाते आणि तेथील तापमान 20 अंशांनी किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. ओल्या हवेतील बाष्प तेथेच गोठते व वाट बुजविते. मग इंजिनाच्या उबेने बर्फ वितळतो, आणि पुरावा म्हणून पाण्याचा थेंबही उरत नाही. हेच दोनशे फुटांवर घडते तर?

ते विमान हँगरमध्ये परत घेऊन गेले. नवी नळी कापून तीत झडप बसविली, या वेळी अधिक घट्ट. 22.2 चे 21.9 झाले, वेगातील लाभ एका नॉटवर आला. बदल मोठा ठरला, तर प्रवासी न घेता किमान 5 तास चाचणीचे उड्डाण करावे लागते. हा बदल मोठा की लहान, हे त्यांनी कोणास विचारले नाही. त्यांनी एकट्याने 5 तास उडविले, नोंदवहीत झडप काढल्याची व पुन्हा बसविल्याची अशा दोन्ही नोंदी केल्या आणि खाली सही केली. त्या पाटीचा अर्थ त्यांना तेव्हा उमगला. कारखान्याच्या विमानामागे अनेकांच्या सह्या असतात. येथे त्यांची एकट्याचीच होती.

सहाव्या तासाला पत्नी शेजारी बसल्या. पाटी पुन्हा वाचून त्यांनी विचारले, "ती गरम हवेची दोरी कोणती हो?" गृहस्थांनी त्यांचा हात तिच्या मुठीवर ठेवला. बाईंनी ती ओढली. इंजिनाचा आवाज किंचित उतरला. त्यांनी ती परत आत सारली, आवाज पूर्ववत झाला.

"चला आता," त्या म्हणाल्या.