आट्याला तेल

आमच्याकडे दोन मोटारी आहेत असे मी लोकांना सांगतो, तेव्हा सौभाग्यवती लगेच दुरुस्ती करतात : "एक मोटार आहे, आणि एक दुरुस्ती आहे." ही दुरुस्ती घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये वर्षातले सात-आठ महिने लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. उरलेल्या दिवसांत ती चालते, आणि चालते तेव्हा कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावरची म्हातारी माणसे हातातली पिशवी खाली ठेवून तिच्याकडे पाहतात. तरुण पाहत नाहीत. त्यांना ती कोण हे ठाऊक नसते.

ट्रायम्फ जीटी-६ हे तिचे नाव. जन्म १९६९ चा. दोनच माणसे बसतील एवढी, लांब नाकाची, मागे पाठीवरून पाणी घसरावे तशा उतरत्या छपराची. हिला त्या काळी 'गरिबाची ई-टाइप' म्हणत. श्रीमंताची ई-टाइप जॅग्वारची, तीही याच गावची. १९६६ ते १९७३ या काळात जीटी-६ च्या तिन्ही आवृत्त्या मिळून एक्केचाळीस हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. माझी दुसऱ्या आवृत्तीतली. १९९१ साली एका निवृत्त शिक्षकाकडून मी ती घेतली, तेव्हाही रस्त्यावर तिची बहीण क्वचितच भेटे. आता वर्षाकाठी एखादी दिसली तर आम्ही दोघे चालक एकमेकांना हात करतो.

आता, ही गाडी फार चांगली आहे असे मी म्हणालो तर तो खोटेपणा होईल. इंजिन दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे. त्याची सगळी ऊब थेट पायांत येते. जुलैत हिच्यातून शंभर मैल जाणे म्हणजे आगटीत हुरडा भाजतात तसे भाजून निघणे. पाऊस आत येतो, आणि एकदा आला की बाहेर जात नाही. सामान ठेवायला जागा आहे, पण ते सामान प्रवासभर कानाशी बोलत राहते. गुण म्हणाल तर दोन. एक, तिचा आवाज. दुसरा, तिचे बॉनेट. दोन खटके सोडले की दिव्यांसकट, मडगार्डांसकट सबंध नाक पुढच्या बाजूला उलटते, सुसरीने जबडा वासावा तसे. मग पुढच्या चाकावर खुशाल बैठक मारून इंजिनाशी गप्पा कराव्यात. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर काळ्या प्लास्टिकचे झाकण दिसते; त्याच्याशी काय बोलणार?

पण खरे सांगायचे तर मी ही गाडी घेतली ती आवाजासाठी नव्हे आणि बॉनेटसाठीही नव्हे. पुढच्या चाकामागे एक पितळी ठोकळा दिसला, म्हणून घेतली. त्यासाठी थोडी वंशावळ सांगितली पाहिजे.

पन्नाशीच्या दशकात कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीपुढे मोठी अडचण उभी राहिली. गाड्यांचे सांगाडे बनवून देणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला. तेव्हा नवी छोटी गाडी करायची तर सांगाडा तुकड्यातुकड्यांनी ठिकठिकाणी करून घ्यायचा आणि खाली स्वतंत्र चासी घालून तिच्यावर बोल्टांनी जोडायचा, असा जुन्या वळणाचा मार्ग कंपनीने पत्करला. तूरीनच्या मिकेलॉत्तीने रूप दिले आणि १९५९ साली हेरल्ड निघाली. तीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर झाली. स्पिटफायरवर छप्पर चढवून पोटात सहा सिलिंडर घातले, ती जीटी-६. आणि तीच मूळची हेरल्ड १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून तयार होऊ लागली. त्यांतली एक कोल्हापुरात माझ्या मामांच्या दारात होती.

मामा वकील. गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली, पण दसऱ्याला तिला हार पडे तो पहिल्या मानाचा. १९६८ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरे तिच्यात कोंबून मामा पन्हाळ्याला गेले. घाट उतरून, रंकाळ्याला भेळ खाऊन घरी आलो. फाटकातून आत घेताना मामांनी चाक पूर्ण वळवले आणि गाडीने खाली मान घातली. उजवे चाक कोलमडून आडवे झाले होते. कोणाला काही लागले नाही. मामी मात्र देवापुढे बराच वेळ बसल्या, कारण अर्ध्या-पाऊण तासापूर्वी आम्ही कुठे होतो हे त्यांच्या ध्यानात आले होते.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातले मिस्त्री आले. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरची लेथांची पेठ. ऑइल इंजिनापासून उसाच्या घाण्यापर्यंत काहीही तिथे कातून मिळे. मिस्त्रींनी तुटलेला दांडा हातात घेतला, त्याच्या टोकावर अंगठा फिरवला आणि मला दाखवला. हेरल्डच्या पुढच्या चाकाला तोलणारा एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते आटे ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात बसतात. सुकाणू फिरवाल तेव्हा दांडा त्या आट्यांतच फिरतो. सगळा भार तिथे. "वकीलसाहेब," मिस्त्री म्हणाले, "ह्येच्यात ग्रीस कुणी भरलं? आट्याला त्येल लागतंय, ग्रीस न्हाई. ग्रीस तोंडाशीच बसतंय, आत जातच न्हाई. मग पानी शिरतंय, गंज धरतोय आन् एक दिवस कडाक." गाडीचे तेलपाणी करणाऱ्यांनी जी ग्रीसगन बाकी सगळ्या सांध्यांना लावली तीच इथेही लावली होती. मिस्त्रींनी जुनी ग्रीसगन रॉकेलने धुऊन तिच्यात नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरले, चाक अधांतरी धरले आणि वरच्या फटीतून तेल डोकावेपर्यंत दाबत राहिले. वर्षातून दोन डाव, असे मला बजावले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मामांना का नाही बजावले, कोण जाणे! बहुधा वकिलांच्या स्मरणशक्तीवर त्यांचा भरवसा नसावा.

तर तो ठोकळा मला तेवीस वर्षांनी कॉव्हेंट्रीत भेटला. जीटी-६ चा थोडा थोराड आहे, इतकेच. शिक्षकांना मी विचारले, यात तुम्ही काय घालता? ते म्हणाले, तेल. मी पैसे मोजले.

त्यानंतरचा सगळा इतिहास शोधाशोधीचा आहे. ज्या कॅनलीच्या कारखान्यात ही गाडी बनली, तो माझ्या घरापासून दोन-अडीच मैलांवर होता. १९८० साली तिथले मोटारींचे उत्पादन थांबले. आज तिथे दुकाने आणि कचेऱ्या आहेत, आणि रस्त्याला नाव आहे हेरल्ड ॲव्हेन्यू. पाटी मिळाली, वॉशर मिळणार नाही. वॉशरसाठी फेब्रुवारीत स्टोनलेच्या बाजाराला जायचे आणि सप्टेंबरात ब्यूलीच्या. ब्यूलीचा बाजार १९६७ पासून भरतो. आपल्याकडच्या जुन्या बाजाराची कळा तिथे आहे, फक्त भाव करताना आवाज चढवायचा नाही. शेतभर चादरी पसरलेल्या, त्यांवर गंजके दिवे, दात पडलेले गिअर, कशाचे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेले नळकांडे. चिखलात उकिडवे बसून मी पुष्कळ सकाळी घालवल्या आहेत. नवे केलेले भागही मिळतात, आणि पुष्कळ मिळतात. पण नवे रबर बरेचदा असे असते की जुने काढून फेकल्याचा पश्चात्ताप व्हावा. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आतून खाते, म्हणून नळ्याही बदलाव्या लागल्या.

सगळ्यांत चांगले भाग मात्र बाजारात मिळत नाहीत. ते घरांतून मिळतात. क्लबातला कोणी सभासद जातो. महिना-दोन महिन्यांनी त्याच्या पत्नीचा निरोप येतो, की गॅरेज मोकळे करायचे आहे, येऊन पाहाल का? अशा पाच-सहा घरी मी गेलो आहे. चहा होतो. मग त्या किल्ली देतात आणि स्वतः आत येत नाहीत. फळ्यांवर तंबाखूचे, बिस्किटांचे, कॉफीचे डबे ओळीने लावलेले असतात आणि प्रत्येकावर चिठ्ठी : 'चांगले', 'बरे', 'वेळ पडल्यास'. एका डब्यात मला क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरांची कोरी जोडी मिळाली. या इंजिनात ते अर्धगोल वॉशर झिजून खाली पडले की पुढे इंजिनाचीच चाळण होते, म्हणून ही जोडी मोलाची. चिठ्ठीवर लिहिले होते, 'पुढच्या हिवाळ्यात'. ती जोडी मी माझ्या इंजिनात घातली. फार कशाने डोळे भरून येणारा मी माणूस नव्हे, पण त्या दिवशी पाना हातातून दोनदा निसटला.

एक भाग मात्र कोणाच्याच डब्यात मिळेना. मागच्या झडपेच्या बिजागरीची पिन आणि तिचा बुश. शेवटी झिजलेली पिन रुमालात गुंडाळून मी कोल्हापूरला नेली. जुने मिस्त्री केव्हाच गेले. लेथवर त्यांचा नातू होता. त्याने मापे घेतली, गनमेटलचा तुकडा चकात धरला आणि चहा यायच्या आत बुश कातून हातावर ठेवला. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या की, गाडीचा फोटो तेवढा पाठवा." फोटो पाठवला. उत्तर आले, "दोनच सीट? मग पोरं कुठं बसत्यात?" हा प्रश्न माझ्या घरात पूर्वीही विचारला गेलेला आहे.

मागच्या चाकांचे प्रकरण निराळे. पहिल्या जीटी-६ ची मागची चाके एकाच आडव्या कमानपाट्याला आणि डोलणाऱ्या आसांना बांधलेली असत. वळणावर घाबरून पाय उचलला तर चाक पोटाखाली दुमडायचे. टीका झाली, म्हणून १९६८ च्या शरदात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत खाली एक त्रिकोणी भुजा दिली आणि दोन्ही आसांमध्ये रबराचे जाड कडे घातले. रोटोफ्लेक्स त्याचे नाव. चाल सुधारली, पण कडे बदलणाऱ्याची चाल बिघडली. नवे कडे पोलादी पट्ट्याने आवळलेले येते. ते तसेच आवळलेले ठेवून गाडीखाली उताणे पडून सहा बोल्ट बसवायचे आणि मग पट्टा कापायचा. ही कसरत मी चार वेळा केली. पाचव्या वेळी डॉक्टरांनी माझ्या अंगठ्याच्या सांध्याचा फोटो उजेडात धरला आणि विचारले, "हे काम दुसरे कोणी करू शकेल का?"

मी आधुनिक सांध्यांचे तयार आस आणून बसवले. क्लबातल्या काही मंडळींनी नाके मुरडली. शुद्धतावादी काही फक्त आपल्या गाण्याच्या बैठकीतच असतात असे नव्हे! त्यांचे म्हणणे, ही आता ती गाडी राहिली नाही. मला त्यात दम वाटत नाही. बॉनेट एका अपघाती गाडीचे, वॉशर एका मृताचे, बुश कोल्हापूरचा. ती 'ती' कधी होती? जुने आस मी तेलकट फडक्यात बांधून ठेवले आणि वर चिठ्ठी लावली : 'मूळचे. फेकू नये.'

त्या चिठ्ठीवरूनच सौभाग्यवतींनी विषय काढला. गॅरेजात बहुधा पंधरा वर्षांनी त्या आत आल्या असतील. फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "उद्या मला हे सगळे कोणाला तरी दाखवावे लागेल. आणि हे वाचणार कोण?" माझ्याकडे एकशे चाळीस डबे आहेत, आणि सगळ्यांवरच्या चिठ्ठ्या देवनागरीत. इंग्रजीत लिहावे असे मला कधी सुचलेच नाही. हातांना तेल असले की मी मराठीतच विचार करतो. मुलगा लंडनला असतो. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही, आणि त्याची गाडी विजेवर चालते. त्याने मला स्वच्छ सांगितले आहे, "बाबा, तुम्ही आहात तोवर ठेवा." यात राग येण्यासारखे काही नाही. इथे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. म्हणजे तो पुढचा दांडा शाबूत आहे की नाही, हे पाहणारा सरकारी माणूससुद्धा आता राहिला नाही. जो कोणी ही गाडी घेईल, त्याच्या हाती ग्रीसगन असेल आणि ती तो सरळ लावील, या विचाराने मला मध्यंतरी नीट झोप लागत नसे.

हल्ली शनिवारी शेजारची मुलगी येते. वय सतरा, तंत्रशाळेत शिकते. तिचे आजोबा कॅनलीच्या कारखान्यात होते, पण बैठका शिवण्याच्या खात्यात; त्यामुळे तिच्याकडे या विद्येचा वारसा आला असेल असे मानायला जागा नाही. तिला फक्त बॉनेट उलटलेले पाहून नवल वाटले, आणि ती थांबली. तिचे अंगठे उत्तम आहेत. गेल्या हिवाळ्यात दोन्ही कार्ब्युरेटरांचे पडदे तिने बदलले, मी स्टुलावर बसून फक्त बोललो. चिठ्ठ्यांचे भाषांतर आम्ही रोज पाच-सहा डबे असे सुरू केले होते, पण तिचाच धीर सुटला. ती म्हणाली, अक्षरेच का नाही शिकवत? तेव्हा 'उ' म्हणजे उजवे आणि 'डा' म्हणजे डावे इथपर्यंत आम्ही आलो आहोत. 'पु' आणि 'मा' मध्ये अजून घोटाळा होतो.

मार्चमध्ये ट्रनियनची पाळी आली. गाडी उचलून मी तिच्या हाती ती वेगळी ठेवलेली गन दिली. तिने नळी लावली, दाबले, थांबून विचारले, "किती?" मी म्हटले, वर दिसेपर्यंत. ती वाकून पाहत राहिली. काळ्या तेलाचा एक थेंब वर आला, दांड्यावरून ओघळला. तिने बोटाने तो पुसला, मग गनवरची माझी चिठ्ठी पाहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. 'ते' तिला आले. 'ल' मी सांगितला.