सावडीची वही

गटशेतीबद्दलचं माझं मत गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खुरपणीचं गुत्तं द्यावं, पैसे मोजावेत, मोकळं व्हावं. सावड, इर्जिक असं कुणी काढलं की मी आजोबांनी सांगितलेलं ऐकवायचो: सगळ्या गावाची आऊतं आधी पाटलाच्या रानात, गरिबाची पाळी शेवटी. पाणी फाउंडेशनने वॉटर कपनंतर 2022 साली फार्मर कप आणला आणि गट करून एकमेकांच्या रानात राबायला सांगितलं, तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या आमच्या पारावर मी म्हणालो होतो, ‘पाण्यासाठी 45 दिवस श्रमदान करणं वेगळं. शेती बारमाही असते बाबांनो.’

पुढे गटात गेलो तो नाइलाजानेच. पावसाने उघडीप दिली, वापसा आला आणि गुत्त्याच्या बायका नेमक्या दुसऱ्या गावाला गेल्या. सोयाबीनला तणाचा खरा जाच पेरल्यापासून महिना-दीड महिना. त्यानंतरची खुरपणी म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

गटात मला भेटली ती दोनशे पानी वही. उभ्या रकान्यात घरं, आडव्यात तारखा. कुणाच्या घरून कोण आलं, अर्धा दिवस की पूर्ण, कुणाचे किती दिवस फेडायचे राहिले. पाळी लावताना वय नाही, मान नाही. आदल्या संध्याकाळी दोघं जण रानं फिरून येतात आणि ज्याच्यात तण जास्त, त्याचं रान पहिलं. बाईचा दिवस गड्याच्या दिवसाइतकाच धरतात. रोजंदारीत आमच्याकडे अजून तसं होत नाही. माझ्याऐवजी बायको गेली तरी वहीत दिवस पूर्णच पडला. (तो तिने मला मुद्दाम वाचून दाखवला.)

घरोब्यात हिशेब आणला की घरोबा तुटतो, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. मला आता ते पटत नाही. भाऊबंदकीची भांडणं मी पुष्कळ पाहिली; त्यातली बरीच तोंडी हिशेबावरून पेटलेली. पाटलाच्या इर्जिकीतही नेमकी वहीच नव्हती.

खुरपणीच्या निमित्ताने बाकीची कामंही एकत्र होऊ लागली. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, 70 उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची माणसं हे सांगून थकली होती. एकट्याने मी कधी केलं नाही. सगळ्यांची गोणपाटं एकाच ओसरीत उघडायची म्हटल्यावर टाळता येईना.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. ज्याला वावरच नाही, त्याने सावड घालून परतफेड कशात घ्यायची? भूमिहीन बायकांना आमचा गट रोख रोज देतो, गड्याइतकाच. पण वहीत त्यांच्या नावाचा रकाना नाही. पाळी लावायच्या बैठकीला त्यांनाही बोलवावं, असं मी मांडलंय. गटाने अजून होकार दिलेला नाही.