दाभोळच्या खाडींतील मगरी

दाभोळास जाऊन अंडा मशीद व चंडिकादेवीचें गुहेंतील देवालय पाहावें, एवढाच आमचा बेत होता. परंतु धाकट्या नातवानें मगरींचा हट्ट धरला व तोच तडीस गेला. पौषाचे दिवस, मगरीस अंग शेकावयास हाच काळ उत्तम. आमची होडी निघाली तेव्हां धोपाव्याची फेरीबोट मोटारी घेऊन आडवी जात होती.

पूर्वीं मुंबईची आगबोट दाभोळास लागे आणि चिपळूणचे उतारू लाँचनें गोवळकोटपर्यंत जात. त्याच जलमार्गानें आम्ही चाललों. अडचण एकच. वर जावयास भरती हवी, आणि मगर दिसावयास ओहोटी! भरतीबरोबर वर चढावें व पाणी उतरेतों कांदळांच्या आश्रयानें थांबावें, असें नावाड्यानें ठरविलें. डावीकडे जगबुडी मिळाली. पुढें पाण्याचा खारटपणा कमी होत जातो. कोयनेचें पाणी वस्तुतः कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें. तें १९६० नंतरच्या दशकांपासून पोफळीस वीज निर्माण करून वाशिष्ठींत उतरतें. नद्यांचीं माहेरें मनुष्यानें बदललीं तीं अशीं.

ओहोटी लागली आणि चिखलाची पुळण उघडी पडली. तीवर तीन ओंडके होते. त्यांतील एकानें आ वासला, तेव्हां आमच्या कुटुंबानें नातवाचा सदरा घट्ट धरला. वास्तविक तो जबडा भुकेनें उघडलेला नसतो. तापलेलें अंग निवविण्याची ती रीत आहे. नावाडी तिला ‘सुसर’ म्हणे. ग्रंथांतली सुसर म्हणजे गंगेंतील लांब, निमुळत्या तोंडाची. ही रुंद तोंडाची मगर. आम्हीं हा भेद सांगूं लागतांच तो हंसून म्हणाला, “गुरुजी, तिला काय ठाऊक?” आम्ही निरुत्तर झालों.

२२ जुलै २०२१ च्या महापुरांत त्याचें चिपळुणांतील घर छपरापर्यंत बुडालें होतें. पुढें नदींतला गाळ उपसण्यांत आला, तेव्हां त्यास आनंदच झाला. “गाळ काढायलाच हवा, गुरुजी. पण हिनं निजायचं कुठं?” असें तो पुळणीकडे बोट दाखवून म्हणाला. १९७२ च्या कायद्यानें मगरीच्या शिकारीस बंदी आहे. तिच्या अंथरुणाचा विचार गाळ उपसणाऱ्यानेंच करावयास हवा. शहर बुडूं देणें शहाणपणाचें नव्हे, हें उघड आहे. तथापि प्रवाहास अडथळा न करणाऱ्या दोनचार पुळणी राखणें आम्हांस अशक्य वाटत नाहीं. घर बुडालेल्या मनुष्यास ही गोष्ट सुचावी आणि आम्हांस सुचूं नये, याची आम्हांस थोडी लाज वाटली.

इतक्यांत होडीचा तळ चिखलास लागला. खालीं उतरून ती ढकलावयास अर्थातच कोणी तयार होईना! नावाड्यानें बांबू रोवून ती मोकळी केली. त्या आवाजानें सर्वांत मोठी मगर पाण्यांत शिरली. लाट म्हणून उठली नाहीं. सकाळपासून नातू काठावरून हात पाण्यांत सोडून बसला होता. तो त्यानें हळूच आंत घेतला आणि गोवळकोटच्या धक्क्याला लागेतों मांडीखालींच ठेविला.