नांव आणि हात

एखाद्या सुगरणीची स्तुति करावयाची झाली म्हणजे "तिच्या हाताला चव आहे" असें आपण म्हणतों. तिच्या नांवाला चव आहे, असें कोणी म्हणत नाहीं. चव हातांत असते आणि हात माणसाबरोबर असतो, ही गोष्ट आपल्या भाषेनें इतकी गृहीत धरली आहे कीं, तिचें वेगळें प्रतिपादन करण्याची पाळी आजवर कोणावर आली नाहीं. परंतु अमेरिकेंतील नेव्हाडा संस्थानांत, भर वाळवंटांत वसलेल्या लास व्हेगस शहरानें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या समजुतीविरुद्ध मोठा दावा मांडला आहे. जगद्विख्यात बल्लवाचार्यांचीं नांवें ठळक अक्षरांत मिरविणारीं भोजनगृहें तेथें हारीनें उभीं आहेत. नांव दारावर असतें, हात मात्र बहुधा दुसऱ्याच शहरीं, कित्येकदां दुसऱ्याच खंडांत असतो. आणि जेवणाची किंमत नांवाच्या हिशेबानें ठरते. ही किंमत देणें शहाणपणाचें आहे काय, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कोणी म्हणेल, साता समुद्रांपलीकडच्या खानावळींची ही चौकशी मराठी वाचकांस कशाला? पण मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे असें घर आज पुण्यामुंबईस नवलाचें राहिलेलें नाहीं, आणि भेटीस आलेल्या वडीलधाऱ्यांस मोटारींतून मोहावीचें वाळवंट ओलांडून हें शहर दाखवून आणण्याची हौस पुष्कळ मुलांस असते. तेथील एका रात्रीच्या जेवणाच्या रकमेचें मनांतल्या मनांत रुपयांत रूपांतर करतांना ज्यांचा घास घशाशीं अडखळला आहे, त्यांस तरी हा विषय परका वाटणार नाहीं.

ह्या शहराचा आणि अन्नाचा संबंध मुळांत अगदीं उलटा होता. नेव्हाडांत १९३१ सालीं जुगार कायदेशीर झाला, आणि १९४१ सालीं 'एल रँचो व्हेगस' हें हॉटेल शहराबाहेरच्या हमरस्त्यावर उभें राहिलें; तोच रस्ता पुढें 'स्ट्रिप' ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. त्या काळीं, आणि त्यापुढें पुष्कळ वर्षें, जुगारगृहांचे मालक अन्नाकडे आमिष म्हणून पाहात. गिऱ्हाइकानें भुकेसाठीं खेळ सोडून बाहेर जाऊं नये, एवढाच त्यांचा हेतु. म्हणून हवें तितकें वाढून घ्या, अशीं स्वस्त जेवणें निघालीं. 'गोल्डन गेट' ह्या जुन्या जुगारगृहानें १९५९ सालीं पेलाभर कोळंबी पन्नास सेंटांस विकण्यास आरंभ केला आणि ती कोळंबी त्या शहराची एक खूणच होऊन बसली. अन्नांत येणारा तोटा पटावर भरून निघत असे. जेवणारा पोटभर जेवून उठे आणि खिसा रिकामा करून घरीं जाई. त्या व्यवहारांत लबाडी होती खरी, परंतु ती पानाच्या बाहेर होती.

पालट झाला तो १९९२ च्या डिसेंबरांत. ऑस्ट्रियांत जन्मलेले आणि लॉस एंजेलिसच्या बाजूस नांवारूपाला आलेले वुल्फगँग पक ह्यांनीं आपल्या 'स्पागो' भोजनगृहाची शाखा 'सीझर्स' ह्या जुगारगृहाच्या बाजारपेठेंत उघडली. १९९५ सालीं न्यू ऑर्लिन्सचे एमरिल लगासी आले. १९९८ सालीं 'बेलाजिओ' हॉटेल उघडलें तें अशा भोजनगृहांचा ताफा बरोबर घेऊनच. २००५ सालीं फ्रान्सचे झोएल रोब्युशाँ आणि २००६ सालीं गी साव्हुआ येऊन पोंचले. मिशेलिन मार्गदर्शिकेनें २००८ आणि २००९ सालांसाठीं ह्या शहराच्या स्वतंत्र आवृत्त्या काढल्या, आणि त्यांत रोब्युशाँच्या भोजनगृहास तीन तारे दिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचें जुगाराबाहेरचें उत्पन्न जुगाराच्या उत्पन्नास मागें टाकूं लागलें. आमिष होतें तेंच आतां शिकार झालें. पूर्वीं पटावर लागणारा पैसा आतां पानावर लागूं लागला.

ह्या घडामोडींतली खरी खुबी कराराच्या कागदांत आहे. पुष्कळ ठिकाणीं इमारत, चुली, भांडीं आणि नोकरचाकर हीं सारीं जुगारगृहाच्या कंपनीचीं असतात. बल्लवाचार्य आपलें नांव, आपल्या पाककृति आणि वर्षांतून ठराविक फेऱ्या एवढें देतो आणि विक्रीचा हिस्सा घेतो. 'हेल्स किचन' ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमानें घरोघरीं पोंचलेल्या गॉर्डन रॅम्झी ह्यांचें त्याच नांवाचें भोजनगृह २०१८ च्या जानेवारींत 'सीझर्स पॅलेस'पुढें उघडलें. कार्यक्रमांतल्याप्रमाणेंच त्याचें स्वयंपाकघर तांबडें आणि निळें असें विभागलेलें आहे. जी माणसें तेथें जातात त्यांस आम्ही हंसत नाहीं. वर्षानुवर्षें पडद्यावर पाहिलेली जागा डोळ्यांनीं पाहावी, तेथें दोन घांस खावे, ही इच्छा मनुष्यस्वभावास धरूनच आहे. मात्र तो खर्च तिकिटाच्या सदरीं मांडावा, अन्नाच्या सदरीं नव्हे. नाटकाचें तिकीट काढून आलेला मनुष्य पोट भरलें नाहीं म्हणून तक्रार करीत नाहीं.

अशाच एका भोजनगृहांत आम्ही आमच्या भाचीच्या आग्रहावरून जेवलों. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तसलीं दुसरीं पुष्कळ आहेत. मासा उत्तम शिजला होता, त्यावरचा रस नेमका होता, ताट चित्रासारखें मांडलें होतें. चूक म्हणून दाखवावी अशी एकही जागा नव्हती. आणि दुसऱ्या दिवशीं आठवून सांगावा असा एकही घांस नव्हता. ज्यांचें नांव दारावर होतें ते येथें असतात काय, असें आम्हीं वाढप्यास विचारलें. वर्षांतून तीनचार वेळां येतात, असें त्यानें पाठ केलेल्या नम्रतेनें सांगितलें. मग आम्हीं विचारलें, "आज चुलीपाशीं कोण आहे?" त्याबरोबर त्या गृहस्थाचा चेहरा एकदम खुलला. मुख्य आचारी मेक्सिकोंतून आलेला आहे, नऊ वर्षांपूर्वीं तो येथें भांडीं घांसावयास लागला आणि तेथून चढत चढत चुलीपर्यंत आला, असें त्यानें हौसेनें सांगितलें. हा प्रश्न फारसें कोणी विचारीत नाहीं, असेंही तो म्हणाला. त्या आचाऱ्याचें नांव पदार्थांच्या पत्रकावर कोठेंच नव्हतें.

बिल आलें तेव्हां त्यावर आठ टक्क्यांहून अधिक विक्रीकर होता, आणि अठरा ते वीस टक्के बक्षिसी ही त्या देशाची रीतच आहे. परततांना आम्ही ह्या नांवाच्या व्यापाराविषयीं कांहीं बोललों, त्यावर भाचेजांवई म्हणाले, "मामा, तुम्ही गाण्याच्या घराण्यांचा एवढा अभिमान बाळगतां. गुरु गेल्यावर शिष्य गातो, तें तुम्ही ऐकतांच ना? मग स्वयंपाकाचें घराणें कां असूं नये?"

प्रश्न बिनतोड होता, आणि ह्या साऱ्या वादांत विचार करण्यासारखा खरा मुद्दा तोच आहे. अब्दुल करीमखाँ १९३७ सालीं वारले. त्यांची गायकी सवाई गंधर्वांनीं चालविली आणि त्यांच्यापासून ती भीमसेन जोशींकडे आली. भीमसेनांचें गाणें ऐकतांना मूळ गवई हजर नाहीं म्हणून कोणी पैसे परत मागितले नाहींत. तेव्हां नांवाचा धनी जागेवर नसणें हा दोष आपोआप ठरत नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, नांवाबरोबर विद्या दिली गेली कीं नुसता परवाना?

रोब्युशाँचें उदाहरण ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांची सर्वांत गाजलेली पाककृति म्हणजे बटाट्याचें पिठलेंवजा भरीत! बटाटे, लोणी, दूध आणि मीठ, ह्यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. परंतु बटाटे सालींसकट उकडावयाचे, गरम असतांनाच सोलून यंत्रांतून काढावयाचे, मंद आंचेवर घोटून त्यांतलें पाणी आटवावयाचें, मग थंड लोणी थोडें थोडें घालीत ढवळावयाचें, नंतर कढत दूध, आणि अखेरीस सारें बारीक चाळणींतून पुन्हां गाळून घ्यावयाचें. पुरण वाटून यंत्रांतून काढणाऱ्या आमच्या आयाबहिणींस ह्यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं. ही करामत कागदावर उतरवितां येते, पण कागदावरून उचलतां येत नाहीं. कोणी तरी शेजारीं उभें राहून "अजून नाहीं, अजून घोट" असें म्हणावें लागतें. रोब्युशाँ २०१८ च्या ऑगस्टांत निवर्तले. त्यांच्यामागें त्यांचें लास व्हेगसमधील भोजनगृह चालत राहिलें, तें त्यांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें तयार झालेल्या माणसांच्या बळावर. त्याला घराणें म्हणण्यास आमची हरकत नाहीं. तेथल्या संपूर्ण भोजनास माणशीं कित्येक शें डॉलर पडतात. ही रक्कम डोळे पांढरे करणारी आहे, पण तिच्या बदल्यांत शिकविलेला हात तरी मिळतो.

बेलाजिओमधील 'पिकासो' भोजनगृहाची कथा ह्याहून मौजेची आहे. तेथें दारावर नांव चित्रकाराचें होतें आणि भिंतींवर त्याचीं अस्सल चित्रें होतीं. परंतु स्वयंपाकघर १९९८ पासून खुलियन सेर्रानो ह्या स्पॅनिश बल्लवाचार्यांचें होतें, आणि त्यासाठीं ते सॅन फ्रान्सिस्को सोडून ह्या शहरीं राहावयास आले होते. २०२१ सालीं मालक कंपनीनें पिकासोच्या अकरा कृतींचा लिलाव केला, त्यांत ह्या भोजनगृहांतील चित्रेंही गेलीं. लिलावास दहा कोटी डॉलरांहून अधिक आले. भिंतींवरचें नांव विकलें गेलें, तरी चूल त्यानंतर तीन वर्षें पेटती होती. २०२४ सालीं तें भोजनगृह बंद झालें.

आणि स्ट्रिपपासून दूर, एका साध्या दुकानांच्या चाळींत, सायपिन चुतिमा ह्या बाई उत्तर थायलंडांतील आपल्या घरच्या पाककृति रांधीत होत्या. त्यांच्या 'लोटस ऑफ सायम'ला जॉनथन गोल्ड ह्या समीक्षकानें २००० सालीं उत्तर अमेरिकेंतील सर्वोत्तम थाई भोजनगृह म्हणून गौरविलें, आणि २०११ सालीं बाईंस जेम्स बिअर्ड पारितोषिक मिळालें. येथें हात अगोदर आला आणि नांव मागाहून. पुढें त्याही भोजनगृहाच्या शाखा निघाल्या, हें आम्ही विसरलों नाहीं. हाताचें नांव होणें आणि नांवाचा व्यापार होणें, ह्यांमधलें अंतर फार थोडें आहे, आणि तें ओलांडणाऱ्यास दोष देणेंही सोपें नाहीं. दोन हातांनीं रांधून किती जणांचीं पानें भरणार?

ह्याविषयीं आमच्या पुराणांतली कसोटी मात्र आम्हांस अजून खरी वाटते. नळराजा बाहुक हें नांव घेऊन, रूप पालटून ऋतुपर्णाच्या पदरीं सारथी होऊन राहिला होता. दमयंतीनें त्यानें रांधलेलें अन्न दासीकडून आणवून तोंडांत घातलें, आणि तिची खातरी पटली. नांव लपलें होतें, रूप लपलें होतें. हात लपला नाहीं. ज्याच्यावरून आपण बल्लवाचार्य हा शब्द घेतला तो भीमही विराटाच्या मुदपाकखान्यांत निनांवीच राहिला. लास व्हेगसच्या भोजनगृहांत दमयंतीस नेऊन बसविलें आणि दारावरचें नांव झांकलें, तर एका घांसावरून ती हात ओळखील काय? जेथें ओळखील तेथें किंमत द्यावी. जेथें दहा दारांआडचें अन्न तिला सारखेंच लागेल, तेथें दारावरच्या अक्षरांस मोल देण्याचें कारण नाहीं.

किंमतीचा आणखी एक भाग आहे, आणि तो द्यावयास आम्हांस कधींच जड जाणार नाहीं. ह्या शहरांतील आचारी, वाढपी आणि खोल्या झाडणाऱ्या बाया ह्यांची 'कलिनरी युनियन' ही संघटना १९३५ पासूनची आहे. तिचे सुमारें ६०,००० सभासद आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरांत संप अगदीं तोंडावर आला असतां तीन बड्या कंपन्यांनीं तिच्याशीं पांच वर्षांचे करार केले आणि पगारांत मोठी वाढ कबूल केली. जेथें भांडीं घांसणारा नऊ वर्षांत चुलीपर्यंत चढूं शकतो आणि त्या मजुरींतून घर चालवितो, तेथें जेवण महाग असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. पूर्वींच्या पन्नास सेंटांच्या कोळंबीपेक्षां हा व्यवहार निदान उघड आहे.

म्हणून तेथें जाणाऱ्या आमच्या वाचकांस आम्ही एवढेंच सांगूं. मेज राखून ठेवण्यापूर्वीं दारावर कोणाचें नांव आहे हें विचारूं नका, तें तुम्हांस रस्त्यावरूनच दिसेल; आंत कोण रांधतो, किती वर्षें रांधतो आणि कोणापाशीं शिकला, एवढें विचारा. उत्तर चटकन् आणि अभिमानानें आलें, तर खुशाल बसा आणि पैशांचा हिशेब मनांतून काढून टाका. उत्तर देणाऱ्यास तें ठाऊकच नसेल, तर त्या शहरांत कमी पैशांत चांगलें जेवूं घालणारीं माणसें पुष्कळ आहेत; मोटार घेऊन स्ट्रिपपासून दहा मिनिटें दूर गेलें म्हणजे झालें.